आधी बर्फ किती ते विचारा

टोरांटोहून ४०४ महामार्ग धरून उत्तरेला निघालं की तासाभरात सिम्को सरोवर येतं. गोड्या पाण्याचं, ७०० चौरस किलोमीटरांहून मोठं. उजनी काठोकाठ भरली तरी सिम्को तिच्या दुपटीच्या आसपास भरेल. उन्हाळ्यात आपली मराठी मंडळी डबे, सतरंज्या आणि क्रिकेटची बॅट घेऊन सिबाल्ड पॉइंटच्या किनाऱ्यावर हमखास भेटतात. जानेवारीत तिकडे कुणी फिरकत नाही. मी जाते म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात, त्याने मला आवरायला हवं होतं अशा नजरेने.

गोठलेल्या सिम्कोवर बर्फात भोक पाडून मासे धरायचा नाद मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने लावला, त्याला आता काही हिवाळे झाले. नवऱ्याला यात काडीचा रस नाही. पण २०२५ च्या फेब्रुवारीत धाकट्या जावेच्या बाळाच्या बारशाला सासरे आले आणि घरात मला एक जोडीदार मिळाला. आबांचं गाव उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणपासून जवळ. १९८० साली धरण झालं, निम्मी जमीन पाण्याखाली गेली, उरलेल्या निम्मीत ऊस. गळ टाकून बसायची सवय त्यांना तेव्हापासूनची. चिलापी, शिंगटा, नशिबात असली तर मरळ. बारसं झालं, पाहुणे पांगले, आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून पांढरं पार्किंग बघून आबा कावले. मी सामान काढलेलं बघून म्हणाले, "मी बी येतो. इथं काय, अंडी उबवतोय का मी?"

आधी परवाना. ऑन्टारिओत १८ ते ६४ वयाच्या रहिवाशाला मासेमारीसाठी आउटडोअर्स कार्ड आणि त्यावर परवाना, दोन्ही लागतं. पासष्टीनंतर माफी आहे, पण ती कॅनडात राहणाऱ्यांना. परदेशातून आलेल्या सत्तरीच्या माणसाला परवाना घ्यावाच लागतो. आबांसाठी एका दिवसाचा काढला, त्याला कार्डाची गरज नसते. त्याची किंमत मी त्यांना रुपयांत सांगितली नाही. उजनीत गळ टाकायला त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं नव्हतं, त्यामुळे छापलेला कागद ते बराच वेळ न्याहाळत राहिले. मग त्याची चौकोनी घडी करून बंडीच्या आतल्या खिशात, पासपोर्टच्या शेजारी ठेवली.

कपड्यांवर मी फार लिहिणार नाही, कारण जो तो आपल्या थंडीप्रमाणे शिकतो. एकच सांगते. अंगाला लागून सुती काही नको. सूत घामाने भिजतं आणि मग वाळतच नाही. आबांनी सोलापुरातून आणलेली माकडटोपी मात्र माझ्या महागड्या टोपीपेक्षा सरस ठरली. कान, मान, हनुवटी, सगळं एका फटक्यात बंद.

आता बर्फ. खरं म्हणजे हा सगळा खेळ त्याचाच आहे आणि मासा त्यातला शेवटचा भाग. बर्फावर बसायला खोपटं भाड्याने देणाऱ्याला फोन लावला की नवखे लोक विचारतात, "मासा लागतोय का?" मी विचारते बर्फ किती इंच आहे, काळा आहे की पांढरा, भेगा कुठे पडल्यात आणि वारा कुठून येतोय. काळा बर्फ म्हणजे काचेसारखा स्वच्छ, ज्याच्यातून खालचं काळं पाणी दिसतं. तो सगळ्यात मजबूत. पांढरा बर्फ हा भिजलेल्या हिमाचा थिजून झालेला असतो, त्यात हवा अडकलेली असते, म्हणून त्याची ताकद निम्मी धरायची. माणसाला पायी जायला चांगल्या काळ्या बर्फाचा निदान चार इंचांचा थर हवा, स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या स्कूटरला, पाच-सहा इंच, मोटारीला त्याच्या दुपटीच्या पुढे. पांढरा असेल तर हे आकडे दुप्पट करायचे. आणि हे आकडे जिथे मोजले तिथलेच. शंभर पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो.

वरून पडलेलं हिमही फसवं. ते बर्फावर गोधडीसारखं पसरतं, खालचा बर्फ उबेत राहतो आणि जाड व्हायचा थांबतो. जड हिमाने बर्फ खाली दबला की भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली चिखलासारखा गिलावा साचतो. वरून सगळं कोरडं दिसतं, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. बूट भिजला की तो दिवस संपला म्हणून समजा.

सिम्को एकाच वेळी गोठतही नाही. दक्षिणेकडचा कुक्स बे उथळ, तो आधी धरतो. बॅरी शहराकडचा केम्पेनफेल्ट बे ४१ मीटरपर्यंत खोल, तिथलं पाणी थंड व्हायला वेळ घेतं, म्हणून तो शेवटी. हॉलंड नदी जिथे कुक्स बेमध्ये उतरते तिथे प्रवाह बर्फाला खालून खातो. मधलं मोठं पाणी उघडं असताना जोराचा वारा सुटला तर किनाऱ्याला चिकटलेला बर्फाचा आख्खा पट्टा सुटून वाहू लागतो. माणसं अशी तरंगत गेली आणि त्यांना सोडवून आणावं लागलं, हे इथल्या बातम्यांत येत असतं. २०२४ च्या उबदार हिवाळ्यात तर भरवशाचा बर्फ धरलाच नाही म्हणायचा. मी तेव्हा एकदाही गेले नाही.

स्वतःच्या पायांनी जायचं असेल तर हातात पहार हवी. तीच, आपल्याकडे खड्डा खणायला वापरतात ती. दोन-चार पावलं टाकायची, समोर एक घाव घालायचा. घट्ट बर्फावर ठण्ण वाजतं आणि पहार हातात उसळते. आवाज बद्द आला, टोक रुतलं किंवा पाणी वर आलं की आल्या वाटेने माघारी. गळ्यात दोरीला लाकडी मुठींचे दोन टोकदार खिळे अडकवलेले असतात. माणूस आत गेलाच तर ज्या बाजूने आला तिकडेच तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने त्याला इतका वेळ तोललेलं असतं. खिळे रुतवायचे, पाय मारत अंग वर ओढायचं आणि बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत लांब जायचं. मैत्रिणीने मला हे दिवाणखान्यातल्या गालिच्यावर लोळून दाखवलं होतं. हसू आलं, पण लक्षात राहिलं.

काही जण मोठ्या पिकअप गाड्या थेट बर्फावर घेऊन जातात. चांगल्या हिवाळ्यात जातात आणि परतही येतात. मला ते मुळीच पटत नाही. दरवर्षी कुणाची तरी गाडी तळाला जाते, मग ती काढायचा खर्च, तेलाची गळती, आणि वर तो माणूस "काल तर चालत होतं" म्हणतो.

आबांसोबत पायी जायचा प्रश्नच नव्हता. जॉर्जिनाच्या किनाऱ्यावरून खोपटं घेतलं. जॉर्जिना स्वतःला बर्फावरच्या मासेमारीची जगातली राजधानी म्हणवतं. हिवाळ्यात किनाऱ्यावरून बघितलं की ते मिरवणं पटतं. पांढऱ्या पटावर दूरवर रंगीबेरंगी खोपट्यांची वस्तीच उभी असते. प्रत्येकावर नोंदणीचा क्रमांक, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. हा कायदा आहे. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत खोपटी उचलावी लागतात, नाहीतर बर्फ वितळला की सगळा प्लायवुड सरोवरात.

उजाडायच्या आत पोचलो. खोपटं देणाऱ्या चालकाकडे रणगाड्यासारखे पट्टे लावलेली जुनी गाडी होती, आत समोरासमोर बाक. जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए नावाच्या क्वेबेकच्या माणसाने बर्फावर चालणाऱ्या अशा गाड्या १९३० च्या दशकात काढल्या, हिमाने अडलेल्या गावांत डॉक्टर आणि पोरांना शाळेत नेण्यासाठी. चालकाने बसल्या बसल्या सांगितलं की पट्टा बांधायचा नाही आणि दाराची कडी लावायची नाही. आबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दाराजवळच्या जागेवर सरकून बसले.

वाटेत एक भेग आली. बर्फाचे दोन पाट एकमेकांवर चढून गुडघ्याएवढा बांध तयार झालेला, त्याच्या कडेला ओलं दिसत होतं. चालक खाली उतरला, चालत जाऊन पहारेने चाचपून आला, आणि बऱ्याच लांबून वळसा घेतला. या माणसाला मी दरवर्षी का धरून आहे त्याचं उत्तर या वळशात आहे. दुसरे काही जण दहा डॉलर कमी घेतात.

खोपटं म्हणजे प्लायवुडची आठ-बाय-सहाची खोली. भिंतीला लागून बाक, कोपऱ्यात गॅसची शेगडी, वर हवेसाठी झरोका. तो झरोका थंडी लागली म्हणून कापडाने बुजवायचा नाही. बंद खोलीत शेगडीचा विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. जमिनीला चौकोनी खिडक्या पाडलेल्या, त्यांच्याखाली बर्फात भोकं. रात्री भोकांवर धरलेली साय चालकाने गिरमिटाने फोडली. हे गिरमिट कमरेएवढं उंच, बॅटरीवर चालणारं. पंधरा-सोळा इंच बर्फ ते मिनिटभरात कापतं आणि शेवटी पाणी भस्सकन वर येतं. मग झाऱ्याने बर्फाचा चुरा काढायचा. तो झारा मी घरच्या भजीच्या झाऱ्याशेजारी टांगते, नवरा वैतागतो.

दार लावलं, चालक गेला. आत अंधार, आणि भोकातून हिरवट उजेड वर येत होता. बाहेर सूर्य वर आला होता, त्याचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात पसरतो आणि खोपट्याच्या अंधारात तेवढं भोकच उजळून निघतं. आबा गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"अगं, खाली दिवा लावलाय का कुनी?"

पाणी इतकं नितळ असण्यामागे एक आगंतुक आहे. झेब्रा शिंपला नावाचा बोटाच्या पेराएवढा परदेशी शिंपला १९९० च्या दशकात सिम्कोत घुसला. तो पाणी गाळून खातो, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. बाकी त्याने केलेला उपद्रव मोठा आहे.

आमच्याखाली तीस फूट पाणी होतं आणि तळाशी पिवळ्या पर्चचे थवे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून वर बर्फ असला तरी तळाचं पाणी साधारण चार अंशांवर असतं आणि मासे तिथे सुखाने राहतात. सुखाने म्हणजे हळूहळू. माशाचं रक्त पाण्याबरोबर थंड होतं, त्याला भूक कमी, धावायची इच्छा त्याहून कमी. उन्हाळ्यात पर्च आमिषावर तुटून पडतो. हिवाळ्यात तो समोर येऊन थांबतो, बघतो, आणि मन झालं तर आमिष नुसतं तोंडात ओढून घेतो. तेवढंच. दोरीला ओढ बसत नाही. कधीकधी उलट दोरी सैल पडते, कारण आमिष घेऊन तो जरासा वर आलेला असतो.

म्हणून काठी हातभर लांबीची, टोकाला केसासारखी बारीक स्प्रिंग. तंगूसही अगदी बारीक. गळाला चमकता पत्रा, त्यावर बोटाएवढा चंदेरी मासा. आमिषाच्या दुकानातली पावती खिशात ठेवायची, अधिकारी विचारू शकतो. उरलेलं आमिष किंवा त्याचं पाणी सरोवरात ओतायचं नाही, काठापासून ३० मीटरच्या आतही नाही. एका पाण्यातला रोग आणि आगंतुक दुसऱ्या पाण्यात जाऊ नये म्हणून हा दंडक आहे. बर्फावर माणशी दोन दोऱ्या टाकता येतात. मी आबांना एकच दिली.

पहिल्या तासात आबांनी मासे लावले आणि सगळे घालवले. त्यांचा हात उजनीचा. चिलापीने गळ ओढला की मनगटाला झटका देऊन काठी खांद्यापर्यंत आणायची, ही त्यांची पंचेचाळीस वर्षांची सवय. इथे तसा झटका दिला की पर्चचा पातळ ओठ फाटतो आणि गळ मोकळा वर येतो, कधी कधी छताला जाऊन आपटतो. मी म्हटलं, "आबा, ओढू नका. नुसतं मनगट वर करा, देवाला उदबत्ती ओवाळल्यागत." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढची सूचना गिळली.

मग त्यांना यंत्राचा शोध लागला. भोकात एक छोटी डबी सोडलेली असते, तिच्यातून निघालेला ध्वनी तळावर आपटून परत येतो आणि गोल तबकडीवर रंगीत पट्टे दाखवतो. तळाचा जाड लाल पट्टा, त्याच्या वर आपल्या आमिषाचा बारीक हिरवा. मासा आला की तळापासून एक पट्टा सुटून वर सरकतो. आमिष वीतभर उचललं तर तो मागे येतो. फार उचललं तर फिका पडून निघून जातो. मला वाटलं होतं की आबा याला नावं ठेवतील. झालं उलटंच. त्यांनी काठी बाकावर ठेवली आणि तबकडी मांडीवर घेतली.

"आला, आला. थांब. उचल जरा. लई नको! गेला बघ तुझ्यामुळं."

दुपारपर्यंत मी त्यांची गडी होते. ते तबकडी बघून हुकूम सोडत होते आणि मी काठी हलवत होते. यंत्राशिवाय दोरीवरून मासा ओळखणं जास्त शुद्ध, असं म्हणणारे लोक इथे आहेत. त्यांनी आबांना भेटावं. थंड माशाचं मन कसं चालतं हे त्या लाल-हिरव्या पट्ट्यांनी त्यांना सकाळभरात शिकवलं आणि नंतर काठी हातात घेतली तेव्हा मनगट आपोआप हलकं झालं होतं. पहिला पर्च वर आला तो हिरवट-पिवळा, अंगावर काळे उभे पट्टे, पोटाखालचे पंख केशरी. भोकाच्या तोंडाशी त्याने पाठीचा पंख ताठ केला, काट्यांचा. मी सांगायच्या आत आबांनी डोक्याकडून हात फिरवून पंख दाबून धरला. ही विद्या चिलापीची, इथेही चालली.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कांदा. शेगडीवर भाकरी पुन्हा कडक केली. बाहेर उणे अठरा होतं. मासे दाराबाहेर बादलीत टाकले होते, ते तासाभरात लाकडासारखे झाले.

आणि जेवता जेवताच तो आवाज झाला. आधी लांबून घरघर, मग आमच्या खालून तोफेसारखा धडाका आणि दुसऱ्या टोकाला विरत गेलेली शीळ. भोकातलं पाणी थरथरलं. आबा भाकरी हातात घेऊन उभे.

"फुटला!"

फुटला होताच, पण काळजीचं कारण नव्हतं. तापमान खालीवर झालं की एवढा मोठा बर्फाचा पाट आकसतो किंवा फुगतो, त्याला सरकायला जागा नसते, मग तो तडकतो आणि त्या तडकेत पुन्हा पाणी गोठतं. जाड, वाढत्या बर्फाचं हे रोजचं बोलणं. भीती धरायची ती उन्हाळलेल्या मार्चमधल्या गप्प, मऊ बर्फाची. एवढं सगळं मी शास्त्रशुद्ध समजावलं. आबा खाली बसले, पण पुढच्या प्रत्येक धडाक्याला त्यांचा डावा हात दाराच्या कडीकडे जायचा.

तिसऱ्या प्रहरी पाय मोकळे करायला बाहेर पडलो. दोन्ही दोऱ्या वर काढून ठेवल्या, कारण टाकलेल्या दोरीपासून ६० मीटरपेक्षा लांब जायला परवानगी नाही. बऱ्याच अंतरावर, खोल पाण्यावर, एका माणसाने नुकताच लेक ट्राउट काढला होता. हातभर लांब, राखाडी अंगावर फिके ठिपके. त्याने तो उलटा करून एक पंख दाखवला, अर्धा कापलेला. म्हणजे हा मत्स्यबीज केंद्रात जन्मलेला. सोडायच्या आधी पिल्लांचा पंख कातरतात, म्हणजे नंतर सरोवरात जन्मलेला कोणता आणि सोडलेला कोणता ते कळतं.

"म्हंजे हे बी सोडलेलंच?" आबा म्हणाले. भिगवणकडे कटला-रोहूचं बीज सोडतात ते त्यांना ठाऊक होतं.

कारण मात्र वेगळं. सिम्कोच्या काठची शेती आणि वाढती शहरं यांच्यातून फॉस्फरस पाण्यात उतरला, शेवाळ माजलं, ते मरून तळाशी कुजलं, आणि खोल थंड पाण्यातला प्राणवायू संपत गेला. लेक ट्राउटला नेमकं तेच पाणी लागतं. १९६० च्या दशकात त्याची नैसर्गिक पैदास कोलमडली आणि तेव्हापासून पिल्लं सोडून हा मासा टिकवला गेला. २००८ मध्ये ऑन्टारिओने या एका सरोवरासाठी स्वतंत्र संरक्षण कायदा केला, पुढच्या वर्षी आराखडा आला. आता काही मासे न कापलेल्या पंखांचेही सापडतात. तो माणूस म्हणाला की तसा लागला तर तो परत सोडतो. कायद्याने तसं बंधन नाही, त्याचा त्याने ठरवलेला नियम.

आबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि परतताना एवढंच म्हणाले, "आपल्याकडं पुन्यामुंबईचं समदं पानी उजनीत येतं. कायदा कुनी केला?" मुंबईचं येत नाही, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं येतं. पण मी दुरुस्ती केली नाही.

दिवस कलला तसा पर्च मंदावला. हा मासा डोळ्यांनी शिकार करतो, उजेड गेला की खाणं बंद. तबकडीवर पट्टे दिसत राहिले, वर कुणी सरकेना. चालक चारच्या सुमाराला घ्यायला आला.

मर्यादा माणशी ५० पर्चची आहे, संवर्धनाचा स्वस्त परवाना असेल तर २५. आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो, एका घराला दोन वेळा पुरेल एवढेच. घरी नेताना मासे मोजता यायला हवेत आणि जात ओळखू यायला हवी. तुकडे केलेच तर कातडीचा भाग ठेवायचा. मी आख्खेच नेते.

खरं काम घरी. पर्चचे खवले भयंकर चिवट. कातडी वाळायच्या आत ते निघाले तर निघाले. इथले लोक म्हणून खवल्यांच्या नादी न लागता कातडीच सोलून काढतात आणि दोन बोटभर फाकी तळतात. आबांना ते मान्य नव्हतं. डोकं आणि काटा टाकायचा म्हणजे चव टाकायची. वर्तमानपत्र पसरून ते मोरीशेजारी बसले आणि विळी नाही म्हणून कुरकुरत सुरीने खवले काढत राहिले. माझ्या नवऱ्याच्या चहाच्या कपात दुसऱ्या दिवशीही एक सापडला. निम्मे मासे हळद, मीठ, लसूण लावून तांदळाच्या पिठात घोळून तळले. निम्म्यांचा आबांनी काळ्या मसाल्याचा जाळ रस्सा केला. स्वयंपाकघराची खिडकी उघडावी लागली, उणे अठराला.

आमचे एक मालवणी शेजारी आहेत, गोड्या पाण्याच्या माशाला ते मासा मानत नाहीत. त्यांना वाटीभर रस्सा दिला. वाटी परत आली ती घासून-पुसून, निरोप आला की "मसाला चांगला होता."

मोठा ट्राउट लागला तर खाण्याआधी प्रांत सरकारने काढलेला तक्ता बघून घ्या. कोणत्या पाण्यातला, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा ते त्यात दिलेलं असतं. मोठ्या, जुन्या, चरबीच्या माशात नको ती द्रव्यं साठलेली असतात. गर्भार बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा रकाना आहे. पर्च लहान आणि कमी चरबीचा, त्याची चिंता बरीच कमी.

फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुट्टीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी कॅनडाच्या रहिवाशांना ऑन्टारिओत परवान्याशिवाय मासे धरता येतात, मर्यादा संवर्धन परवान्याची. पोरांना घेऊन एकदा बघून यायला ते दिवस ठीक. शिकायला मात्र त्या गर्दीत जाऊ नका. मधल्या वारी रजा टाका, आदल्या संध्याकाळी चालकाला फोन करा, आणि तो बर्फाची जाडी सांगायला का-कू करत असेल तर दुसरा चालक शोधा.